माळ्यावर कोंडलेल्या बाईची गोष्ट: ‘वाइड सारगॅसो सी’ पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

शार्लट ब्राँटेची ‘जेन एअर’ १८४७ साली आली. तिच्यात थॉर्नफील्ड नावाच्या हवेलीच्या तिसऱ्या मजल्यावर एक बाई कोंडलेली असते. रात्री-अपरात्री तिचं हसणं ऐकू येतं. ती बिछान्याला आग लावते, सख्ख्या भावाला चावते, होऊ घातलेल्या नवरीची ओढणी फाडून टाकते. ती म्हणजे घरमालक रॉचेस्टरची पहिली बायको, बर्था. एवढ्या जाडजूड कादंबरीत तिची बाजू तिच्या तोंडून एकदाही येत नाही. ती कोण, कुठली, वेडी कशी झाली, हे सगळं नवरा सांगतो आणि आपण मान डोलावून पुढे जातो.

जीन ऱ्हीस या लेखिकेला तसं पुढे जाता आलं नाही. १९६६ मध्ये तिने ‘वाइड सारगॅसो सी’ लिहिली आणि त्या बाईला बालपण दिलं, आई दिली, घर दिलं, एक मैत्रीण दिली. मुख्य म्हणजे तिचं मूळ नाव तिला परत दिलं: आंत्वानेत.

पुस्तक दीडशे-पावणेदोनशे पानांचं आहे, पण पहिल्यांदा हातात घेणारे बरेच जण तिसाव्या-चाळिसाव्या पानाशी अडखळून ते बाजूला ठेवतात. कोण बोलतंय कळत नाही, माणसं न सांगता येतात-जातात, आणि लेखिका काहीच समजावून सांगत नाही. थोडी तयारी करून बसलात तर हीच कादंबरी सोडवणार नाही. ती तयारी कशी करायची आणि वाचताना लक्ष कशावर ठेवायचं, ते पुढे क्रमाने सांगते. ‘जेन एअर’ अजून वाचली नसेल आणि तिचं रहस्य स्वतः शोधायचं असेल, तर आधी ती वाचा. ते रहस्य मी वरच फोडलं आहे आणि त्याला इलाज नव्हता.

पायरी १: ‘जेन एअर’मधली बर्था नजरेखालून घाला

‘जेन एअर’ पूर्ण वाचलेली असेल तर उत्तमच. कॉपीराइट संपलेला असल्याने ती प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट मिळते. तेवढा वेळ नसेल किंवा वाचून बरीच वर्षं झाली असतील, तर निदान इतकी प्रकरणं वाचा: ११ (पहिल्यांदा ऐकू आलेलं हसणं), १५ (बिछान्याची आग), २० (भावावरचा हल्ला), २५ ते २७ आणि शेवटी ३६.

यातलं २६वं प्रकरण चर्चमधलं. नायिका जेनचं रॉचेस्टरशी लग्न लागणार इतक्यात एक वकील उभा राहतो आणि कागद वाचून दाखवतो: रॉचेस्टरचं पंधरा वर्षांपूर्वी जमैकात, स्पॅनिश टाउनला, बर्था आंत्वानेता मेसन हिच्याशी लग्न झालेलं आहे. ते मधलं नाव पाहून ठेवा. ऱ्हीसने आपल्या नायिकेचं नाव तिथूनच उचललं. ब्राँटेने एका कायदेशीर कागदात ओझरतं लिहिलेलं नाव नव्या कादंबरीत त्या बाईची खरी ओळख होतं, आणि ‘बर्था’ हे नवऱ्याने तिच्यावर लादलेलं नाव ठरतं.

२७वं प्रकरण मात्र पेन्सिल घेऊनच वाचा. रॉचेस्टर जेनपुढे आपली कैफियत मांडतो ती इथे. धाकटा मुलगा म्हणून जमीनजुमला त्याला मिळणार नव्हता, म्हणून बापाने तीस हजार पौंडांच्या हुंड्यासाठी त्याला जमैकाला धाडलं. लग्नाआधी मुलीशी एकांतात बोलणं जवळपास झालंच नाही. लग्नानंतर कळलं की सासू वेड्यांच्या इस्पितळात आहे. बायकोही तशीच निघाली. यातलं प्रत्येक विधान फक्त त्याचं आहे, साक्षीदार कोणी नाही. ‘वाइड सारगॅसो सी’ याच विधानांच्या फटींमध्ये शिरते, म्हणून ती विधानं ताजी लक्षात असायला हवीत. मी तर सुचवेन की वहीच्या एका पानावर ती एकाखाली एक लिहून काढा आणि समोरची बाजू कोरी ठेवा. ती पुढे भरत जाईल.

मराठी वाचकाला या वाटेची सवय आहे. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ची, म्हणजे ऱ्हीसच्या कादंबरीनंतर वर्षभरातच आलेली. तिथेही मूळ कथेने बाजूला सारलेला माणूस मध्यभागी येतो आणि वेगवेगळी पात्रं आपापल्या तोंडाने बोलतात. फरक इतकाच की सावंतांचा कर्ण भरभरून बोलतो आणि ऱ्हीसची आंत्वानेत अर्ध्यावर थांबते. ते अर्ध्यावर थांबणं समजून घ्यायला वेळ द्यावा लागतो.

पायरी २: थोडा इतिहास, नाहीतर पहिलं पानच अडेल

कादंबरी सुरू होते तेव्हा जमैकातली गुलामगिरी नुकतीच कायद्याने संपलेली आहे. ब्रिटिश संसदेने १८३३ मध्ये कायदा केला, १ ऑगस्ट १८३४ पासून तो लागू झाला. तरी ‘उमेदवारी’च्या नावाखाली माजी गुलामांना त्याच मळ्यांवर आणखी काही वर्षं राबवलं गेलं, ते १८३८ मध्ये थांबलं. नुकसानभरपाई म्हणून दोन कोटी पौंड मंजूर झाले, आणि ते गुलामांना मिळाले नाहीत. त्यांच्या मालकांना मिळाले. पहिल्या काही ओळींतच जी भरपाईची वाट पाहण्याची गोष्ट येते ती हीच. आंत्वानेतचे शेजारी लट्रेल वाट पाहून थकतात, एका शांत संध्याकाळी आपल्या कुत्र्याला गोळी घालतात आणि समुद्रात पोहत निघून जातात ते कायमचे. ऱ्हीस हे एका वाक्यात उरकते. इतिहास ठाऊक नसेल तर ते वाक्य डोळ्यांखालून निसटतं.

दुसरी गोष्ट, क्रिओल. या कादंबरीत हा शब्द मुख्यतः वेस्ट इंडीजमध्ये जन्मलेल्या गोऱ्या कुटुंबांसाठी येतो. आंत्वानेतचं कुटुंब गोरं आहे, पण इंग्लंडहून आलेल्या गोऱ्यांच्या लेखी ते अस्सल नाही. काळ्या लोकांच्या लेखी ते कालचे गुलाममालक, आणि आता भिकेला लागलेले. त्यातून तिची आई मार्टिनिक या फ्रेंच बेटावरची, म्हणजे जमैकातल्या गोऱ्या बायकांच्याही डोळ्यांत खुपणारी. पोरीला दोन्हीकडून शिव्या पडतात. कुठल्याच गटात जागा नसणं हा या कादंबरीचा पाया आहे.

ब्राँटेच्या कथेतला काळ बहुधा याच्या आधीचा. तिथे वॉल्टर स्कॉटचं १८०८ सालचं ‘मार्मियन’ हे काव्य नवं पुस्तक म्हणून येतं. ऱ्हीसने मुद्दाम वर्षं पुढे सरकवली, कारण तिला गुलामगिरी संपल्यानंतरचा तो विस्कटलेला काळच हवा होता. त्यामुळे दोन्ही कादंबऱ्यांच्या तारखा जुळवत बसू नका, जुळणार नाहीत.

पायरी ३: पहिला भाग अगदी सावकाश

पहिला भाग आंत्वानेत सांगते, लहान मुलीच्या नजरेने. लहान मूल पाहतं तसं ती पाहते: वस्तू स्पष्ट, कारणं धूसर. कारणं शोधायला थांबू नका, वस्तू टिपत चला.

उदाहरणार्थ घोडा. आईकडे जगाशी संबंध ठेवण्याचं एकच साधन उरलेलं असतं, तिचा घोडा. एक दिवस तो चाफ्याच्या झाडाखाली पडलेला सापडतो. मुलगी जवळ जाऊन पाहते तर डोळ्यांवर माश्यांचा काळा थर. विष कोणी घातलं, हे कुणी उघडपणे बोलत नाही. आई फक्त म्हणते की आता आपण अडकलो. या एका प्रसंगात शेजाऱ्यांचा राग, घराची पडझड आणि आईचं खचणं असं तिन्ही आहे, आणि ते अर्ध्या पानात आहे. पहिला भाग असाच चालतो. भराभर पानं उलटलीत तर हाती काही लागणार नाही.

तीन माणसं डोक्यात पक्की ठेवा. टिया, तिची काळी मैत्रीण, जिच्याबरोबर ती डोहावर पोहायला जाते आणि जी एक दिवस तिचा फ्रॉक घेऊन निघून जाते. क्रिस्तोफीन, मार्टिनिकची, आईला लग्नात भेट म्हणून ‘मिळालेली’ बाई. या घराला खऱ्या अर्थाने तीच सांभाळते आणि ओबिया नावाची मंत्र-जडीबुटीची विद्या तिला येते अशी लोकांची समजूत आहे. (जमैकात ओबियावर १७६० पासूनच कायद्याने बंदी होती. दुसऱ्या भागात क्रिस्तोफीनला पोलिसांची भीती दाखवली जाते तेव्हा हे आठवा.) आणि तिसरे मेसनसाहेब, आईचा दुसरा नवरा, पैसेवाला इंग्रज, ज्याला आजूबाजूच्या लोकांचा राग दिसतच नाही.

भारतीय वाचकाने एका जागी नक्की थांबावं. मेसन जेवणाच्या टेबलावर सांगतो की इथले लोक काम करत नाहीत, तर मी ईस्ट इंडीजमधून कुली आणवणार. वाढणारी मोलकरीण मायरा ते ऐकते. आत्या कोरा नंतर बजावते की तिच्यासमोर हे बोलू नका. त्यानंतर लवकरच घर पेटतं. प्रत्यक्ष इतिहासात भारतातून करारावर नेलेल्या मजुरांचं पहिलं जहाज जमैकाला १८४५ मध्ये पोचलं. म्हणजे या परक्या वाटणाऱ्या आगीच्या पलीकडे कुठेतरी आपल्याकडची माणसंही रांगेत उभी आहेत. अभ्यासाच्या पुस्तकांत हा धागा फार कमी ताणला जातो. आपण तो सोडू नये.

आगीचा प्रसंग वाचताना पोपट पाहा. मेसनने त्याचे पंख छाटलेले आहेत, म्हणून त्याला उडता येत नाही आणि तो जळत खाली पडतो. शेवटच्या पानांवर तो परत येणार आहे. टियाने मारलेला दगडही विसरू नका.

पायरी ४: दुसरा भाग, समासात ‘तो’ आणि ‘ती’

इथे बहुतेकांची गाडी अडते. दुसरा भाग सुरू होतो आणि बोलणारा एकदम बदलतो. आता नवरा बोलतोय. ते दोघे मधुचंद्रासाठी दुसऱ्या एका बेटावर, ग्राँब्वा नावाच्या घरी निघाले आहेत आणि वाटेत पावसात एका गावात थांबले आहेत. गावाचं नाव मॅसॅकर. असं गाव डॉमिनिका बेटावर खरोखर आहे. ऱ्हीसचं बालपण त्याच बेटावर गेलं.

नवऱ्याचं नाव पुस्तकात कुठेही येत नाही. तो रॉचेस्टर आहे हे आपल्याला ठाऊक, पण ऱ्हीस ते उच्चारत नाही. त्यातच मध्यावर काही पानं पुन्हा आंत्वानेत बोलते आणि मग परत तो. म्हणून सोपा उपाय: बोलणारा बदलला की समासात ‘तो’ किंवा ‘ती’ लिहा. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्याने भाग उलगडतो.

हा भाग मला या कादंबरीतला सर्वांत श्रीमंत वाटतो, कारण ऱ्हीसने नवऱ्याला राक्षस केलेलं नाही. तो तरुण आहे, तापातून उठलेला आहे, बापाने विकल्यासारखं वाटून दुखावलेला आहे, आणि भोवतालच्या रंगांनी, वासांनी, डोंगरांनी गांगरला आहे. त्याची कीव येते. कीव येत असतानाच तो बायकोचं काय करत जातो ते दिसतं. ऱ्हीस हे दोन्ही एकाच वेळी जाणवू देते.

तीन गोष्टींचा माग ठेवा.

पैसा: तीस हजार पौंड कुठल्याही अटीशिवाय आपल्याला मिळाले, असं तो मनातल्या मनात बापाला पत्र लिहितो. मुलीच्या नावे काहीही राखून ठेवलेलं नाही, म्हणून आत्या कोरा भांडलेली असते. तेव्हाच्या इंग्लिश कायद्यात असा वेगळा करार नसेल तर लग्न झालेल्या बाईचा पैसा नवऱ्याचा होत असे; ते बदलायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले. क्रिस्तोफीन आंत्वानेतला सांगते की सामान बांध आणि नीघ. त्यावर ती म्हणते की माझ्याजवळ आता माझं काहीच नाही. हे तिच्या स्वभावाचं दुबळेपण नाही, सरळ कायदा आहे.

पत्र: डॅनिएल नावाचा माणूस तिच्या घराण्यातल्या वेडाबद्दल लिहितो. ते पत्र येण्याआधीचा नवरा आणि नंतरचा नवरा शेजारी ठेवून वाचा. तो तिला विचारतो, ती सांगायला बसते, आणि त्याने मात्र आधीच ठरवून टाकलेलं असतं.

नाव: तो तिला ‘बर्था’ म्हणू लागतो ती जागा शोधून खूण करा. ती नको म्हणते, तरी तो म्हणत राहतो.

या भागाच्या अखेरीकडे तो बसल्या बसल्या एक चित्र काढतो. झाडांनी वेढलेलं एक मोठं घर, तिसऱ्या मजल्याच्या खोल्या पाडलेल्या, आणि त्यातल्या एका खोलीत लहान मुलाने काढावी तशी रेघोट्यांची बाई. पायरी १ मध्ये ती प्रकरणं वाचली असतील तर इथे पुस्तक क्षणभर खाली ठेवावंसं वाटेल.

पायरी ५: तिसरा भाग एका बैठकीत

हा अगदी छोटा आहे आणि तुकड्यांत वाचण्यासारखा नाही. सुरुवात ग्रेस पूल करते, ‘जेन एअर’मधली राखणदार. मग आंत्वानेत. ती इंग्लंडमध्ये आहे, पण तिचा त्यावर विश्वास नाही. जहाज वाट चुकलं आणि आपण भलतीकडेच आलो असं तिला वाटतं. खोलीत आरसा नाही. तिच्याकडे एक लाल पोशाख उरलाय आणि त्याला वास आहे: वाळ्याचा, चाफ्याचा, दालचिनीचा. हे वास इंग्रज वाचकाला परदेशी वाटत असतील. आपल्याला ते आजीच्या कपाटाचे वास वाटतील, आणि त्यामुळे ती बाई आपल्याला इंग्रज वाचकापेक्षा जवळची होते. हा फायदा आपल्याला आपसूक मिळालेला आहे, तो घ्या.

तिला एक स्वप्न पडतं, कादंबरीतलं तिसऱ्यांदा. पहिली दोन स्वप्नं पहिल्या भागात आहेत, ती मागे जाऊन काढा आणि तिन्ही सलग वाचा. शेवटच्या स्वप्नात पोपट, टिया आणि तो डोह परत येतात. ऱ्हीस तिला मेणबत्ती हातात घेऊन चालताना सोडते, पडताना दाखवत नाही. ते ‘जेन एअर’च्या ३६व्या प्रकरणात आहे, जिथे खानावळीचा मालक जेनला आगीची हकिगत सांगतो. दोन्ही शेवट पाठोपाठ वाचा. त्या मालकाच्या बोलण्यातली ‘वेडी’ आता तुम्हाला वेगळीच ऐकू येईल.

पायरी ६: लेखिकेचं चरित्र आणि टीका, पण वाचून झाल्यावर

ऱ्हीसचा जन्म १८९० मध्ये डॉमिनिकातल्या रोझो इथला. वडील वेल्श डॉक्टर, आई क्रिओल, आणि आईकडच्या पूर्वजांचा गुलामांच्या कष्टावर उभा राहिलेला मळा. सोळाव्या वर्षी ती इंग्लंडला आली. १९३९ मधल्या कादंबरीनंतर ती इतकी दिसेनाशी झाली की १९४९ मध्ये सेल्मा वाझ डायस या अभिनेत्रीला तिचा पत्ता लावण्यासाठी जाहिरात द्यावी लागली. ‘वाइड सारगॅसो सी’ला तिने बरीच वर्षं दिली, आजारपण आणि ओढगस्तीतून, डेव्हनमधल्या एका खेड्यात. पुस्तक आलं तेव्हा ती ७६ वर्षांची होती. पुढच्या वर्षी डब्ल्यू. एच. स्मिथ पुरस्कार मिळाला. त्यावर ती म्हणाली की हे फार उशिरा आलं.

हे आधी वाचलंत तर आंत्वानेत म्हणजेच ऱ्हीस असं समीकरण डोक्यात बसतं आणि कादंबरी आक्रसते. म्हणून नंतर.

टीका वाचायची असेल तर गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांचा १९८५चा निबंध गाजलेला आहे. त्यांचा रोख क्रिस्तोफीनवर आहे: गोऱ्या क्रिओल बाईला आवाज मिळाला, पण काळ्या क्रिस्तोफीनला कादंबरी मध्येच निरोप देते. बार्बाडोसचे कवी कमाऊ ब्रॅथवेट यांनी तर त्याआधीच, १९७४ मध्ये, हा काळ्या कॅरिबियनचा अनुभव मानायला नकार दिला होता. मला हे आक्षेप बळकट वाटतात, आणि तरीही क्रिस्तोफीन नवऱ्याला समोरासमोर सुनावते ती पानं या पुस्तकातली सर्वांत ताकदीची वाटतात. तुमचं मत तुम्ही ती पानं दोनदा वाचून बनवा. स्पिवाक यांचा निबंध ‘जेन एअर’मधल्या सेंट जॉनकडेही लक्ष वेधतो. हा धर्मोपदेशक हिंदुस्थानात जायला निघालेला असतो आणि जेनला हिंदुस्थानी भाषा शिकायला लावतो. जमैका आणि हिंदुस्थान, दोन्ही त्या एका इंग्रजी घराच्या मागच्या दारात उभे आहेत.

काही व्यवहारी सूचना

चित्रपट आधी पाहू नका. दोन-तीन रूपांतरं आहेत, पण कोण बोलतंय हा या कादंबरीचा गाभा कॅमेऱ्यात निसटतो.

टिपांची आवृत्ती घ्या. नॉर्टनच्या समीक्षा-आवृत्तीत पार्श्वभूमी आणि टीकालेख एकत्र मिळतात; पेंग्विनच्या अभ्यास-आवृत्तीतल्या टिपाही पुरेशा आहेत. पात्वा, म्हणजे तिथली फ्रेंच-मिश्रित बोली, काही ठिकाणी येते. प्रत्येक शब्द शोधत बसू नका, संदर्भावरून लागतं.

वाचनगटात घेणार असाल तर तीन बैठका ठेवा, भागाला एक. दुसऱ्या भागाच्या बैठकीला दोघांना तयारी करून यायला सांगा, एकाने फक्त नवऱ्याच्या बाजूने बोलायचं आणि एकीने फक्त क्रिस्तोफीनच्या. आंत्वानेतच्या बाजूने बोलायला कुणाला नेमू नका. आणि तिसऱ्या बैठकीला ‘जेन एअर’ची प्रत सोबत असू द्या, २७व्या प्रकरणात खूण घालून. रॉचेस्टरची ती कैफियत कुणीतरी मोठ्याने वाचावी आणि वहीतल्या कोऱ्या बाजूला काय काय भरलं गेलं, ते प्रत्येकाने एकेका विधानासमोर वाचून दाखवावं.